पहिली लोकल येईपर्यंत

तरुणपणातल्या एखाद्या रात्रीविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा डोळ्यांपुढे एक नाही, दोन रात्री उभ्या राहिल्या. एक आमच्या मुरबाडकडच्या जत्रेतली आणि दुसरी मुंबईला कुलाब्यातल्या एका पबमधली. दोन्ही रात्री एकच माणूस नाचत होता. पहिल्या रात्री त्याच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं, दुसऱ्या रात्री इस्त्री केलेला पांढरा शर्ट. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो हयात आहे, नातवंडांत आहे आणि त्याच्या घरी रेडिओ लागतो. तमाशात गवळणीतल्या मावशीचं काम करायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला 'मावशी'च म्हणायचो. इथंही तेच म्हणतो. बोलण्याआधी मी त्याला विचारून घेतलं आहे. तो म्हणाला, "नाव सोडून सगळं सांग." तरी गाव आणि आणखी दोन-चार खुणा मी बदलल्या आहेत.

आता मी तिथं काय करत होतो, ते आधी सांगायला हवं. शहापुरात आमच्या अब्बांचा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. लग्न असो, सत्यनारायण असो, उरूस असो की निवडणूक असो, आवाज आमचा. आहुजाचे दोन ॲम्प्लिफायर, सहा भोंगे आणि थंडीत सुरू व्हायला अर्धा तास शिव्या खाणारा एक जनरेटर, एवढी इस्टेट. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, दिवाळी अंकांत एखाददुसरी कविता छापून येत होती, पण पोट होतं भोंग्यांवर. किन्हवली, सरळगाव, टोकावडे, तिकडे म्हशापर्यंत टेम्पोतून सामान घेऊन मी जायचो.

म्हशाची जत्रा बऱ्याच श्रोत्यांना ठाऊक असेल. पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वराचं देवस्थान, बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकानं, मिठाई, पाळणे. आणि तमाशाचे फड. मुरबाडवरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढला की पलीकडे जुन्नर तालुका, नारायणगाव. विठाबाईंचं नारायणगाव. ऐन हंगामात तमाशाच्या सुपाऱ्या तिथंच ठरतात. त्यामुळे आमच्या भागाला तमाशा काही परका नाही. घाट उतरला की आमचंच अंगण. मोठे फड मोठ्या जत्रेला यायचे, आणि लहान गावांच्या जत्रांना गावागावांतली लोकनाट्य मंडळं. त्यांना बाई कलावंत ठेवणं परवडत नसे. मग नाचायलाही पुरुषच.

मावशी अशाच एका मंडळात होता. दिवसा शेती, नाहीतर हंगामात वीटभट्टीवर. संध्याकाळी कनातीमागे पेट्रोमॅक्सच्या उजेडात हातभर आरसा बांबूला टांगून तो बसायचा. आधी दाढी, मग पावडरीचा थर, मग काजळ, मग गंगावन. हे सगळं चाललेलं असताना तो कुणाशी बोलत नसे. लुगड्याचा काष्टा मारला, पायात चाळ बांधले आणि उभा राहिला की त्याचा चेहराच बदलायचा. मी रोज पाहणारा, तरी मलाही क्षणभर कळेनासं व्हायचं. हलगीवाला शेकोटीवर हलगी शेकत बसलेला असायचा, तो म्हणायचा, "झाली मावशी तयार, चला."

पुरुषानं बाई होऊन नाचणं ही तमाशात काही नवी गोष्ट नव्हती. पेशवाईतल्या तमाशात नाचणारी ती 'नाच्या पोरं'च असत. बायका पुढे आल्या त्या पुष्कळ नंतर. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी गाजली ती तर विसाव्या शतकाच्या तोंडावर. पेशवाईतल्या त्या पोरांसाठी ज्यांनी लावण्या रचल्या, त्यांत सगनभाऊ हा जातीनं शिकलगार, धर्मानं मुसलमान. मला त्याचा फार आधार वाटायचा. लावणी रचणाऱ्याचा धर्म दोनशे वर्षांपूर्वीही कुणी विचारला नव्हता, मग मला कोण विचारणार, असं म्हणून मी त्या मंडळाला गाणी लिहून देऊ लागलो. गाण्यामागे थोडे पैसे मिळत. गाणी कशी होती, ते विचारू नका. दोन अर्थांची होती. मावशीच्या तोंडी घालायची, आणि लोकांनी पोट धरून हसायचं.

सिनेमामुळे नाच्याचा एक ठसा लोकांच्या मनात पक्का बसला. गणपत पाटलांनी तो पडद्यावर इतका जिवंत केला, की २००८ साली ते गेले तेव्हाही लोकांना आधी तीच लचक आठवली. आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी १९७८ सालची, तिच्यावर सिनेमा आला २०१० साली. त्यातला गुणा हा पैलवान गडी, बायकोमुलांचा माणूस. नाच्या म्हणजे 'तसलाच' असणार, हा समज साफ चुकीचा आहे. मी पाहिलेले बहुतेक नाचे चार घरच्यांसारखे संसारी होते. कला म्हणून किंवा पोटासाठी लुगडं नेसत होते. पण काहींसाठी तेवढंच नव्हतं, हेही खरं. मावशी त्यांतला. ते आम्हाला कळत होतं का? कळत होतं. खेड्यात सगळं कळतं, फक्त त्यासाठी शब्द नसतात. जे असतात ते शिव्यांचे असतात. त्या शिव्या आकाशवाणीवर उच्चारता येणार नाहीत आणि तुम्हाला त्या ठाऊकही आहेत.

एका पहाटे सामान टेम्पोत भरताना तो मला म्हणाला, "भाई, माझ्यासाठी एक असं लिही, ज्याच्यावर कुणी हसणार नाय."

मी म्हटलं, लिहितो की. त्यात काय.

आता ती पहिली रात्र. १९९३ सालचा चैत्र. गावाचं नाव राहू द्या. गण झाला, गवळण झाली, रंगबाजी सुरू झाली. लोक दौलतजादा करत होते, नोटा उधळत होते. तेवढ्यात चार-पाच जण स्टेजवर चढले. प्यायलेले होते. एकानं नोट दातांत धरली आणि तोंडानं घे म्हणाला. मावशीनं हसून टाळलं. असल्या वेळी हसून टाळणं हीसुद्धा तमाशातली एक कलाच असते. दुसऱ्यानं पदर धरला. मग तिसऱ्यानं ओढायला सुरुवात केली आणि नऊवारी लुगडं उलगडत गेलं. समोरचा जमाव हसत होता. काहींना तो बतावणीचाच भाग वाटला असेल, सगळ्यांनाच नक्की वाटला नसेल. स्टेजच्या मधोमध दोरीला एक माइक टांगलेला होता. मावशी त्याच्या खालीच होता, आणि "सोडा, सोडा मला," असं त्याचं ओरडणं सहा भोंग्यांतून सगळ्या शिवारात ऐकू जात होतं.

मंडळाच्या मॅनेजरनं कनातीआडून मला हातानं खूण केली. डाव्या हाताशी मधल्या माइकचं बटण होतं, उजव्या हाताशी ढोलकीच्या माइकचं. मी डावं बटण शून्यावर आणलं. उजवं वाढवलं. ढोलकीवाला जुना माणूस, तो थांबला नाही. भोंग्यांतून फक्त ढोलकी येऊ लागली आणि खेळ चालू आहे असं सगळ्या गावाला वाटत राहिलं.

दोन-तीन मिनिटांत गावातल्याच वडीलधाऱ्यांनी त्या पोरांना खाली ओढलं. मी कनातीमागे गेलो तेव्हा मावशी अर्ध्या चड्डीवर बसून लुगड्याची घडी घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फाटलं. भाड्याचं होतं." एवढंच. त्या हंगामानंतर त्यानं मंडळ सोडलं. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. घरच्यांनी लग्न लावून दिलं. त्याच्या बायकोविषयी मी बोलणार नाही. ती बाजू तिची आहे आणि ती सांगायचा हक्क मला नाही. गाणं लिहायचं राहिलंच.

पाच वर्षं गेली. १९९८च्या हिवाळ्यात एका शनिवारी तो दुकानात आला. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. म्हणाला, "मुंबईला येतोस का? एक जागा दाखवायची हाय." मला लॅमिंग्टन रोडवरून स्पीकरचे कॉइल आणायचेच होते. म्हटलं, चल. आसनगावहून लोकल पकडली. आमच्या शहापूर तालुक्यातलं पाणी मोठाल्या नळांतून मुंबईला जातं आणि आम्ही माणसं लोकलनं जातो, अशी आमच्याकडे एक थट्टा आहे. परत येण्याच्या बाबतीत माणसं त्यातल्या त्यात नशीबवान.

कॉइल घेऊन झाले, जेवण झालं, तरी हा काही सांगेना. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही कुलाब्यात ऑर्थर बंदर रोडवर आलो. तिथं 'वूडू' नावाचा पब होता. दारावर पैसे मागितले, तो आकडा ऐकून मी परत फिरत होतो, पण यानं खिशातून दोघांचे पैसे काढले. मोजून, वेगळे बांधून आणलेले होते. आत शिरायच्या आधी तो थांबला. म्हणाला, "भाई, इथं सगळे माझ्यासारखे असतात. तुला नको वाटलं तर बाहेर चहावाल्याकडे थांब. मी रागावणार नाय."

शनिवारची रात्र त्या पबमध्ये समलिंगी पुरुषांची असे. हे मुंबईत बऱ्याच जणांना ठाऊक होतं, आमच्या शहापुरात कुणाला स्वप्नातही आलं नसतं. तेव्हा मुंबईत या मंडळींसाठी थोडंफार काही उभं राहू लागलं होतं. अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं होतं, १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला होता. मराठी रंगभूमीवर तर तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' त्याही आधी, १९८१ साली आणलं होतं. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. ते नाटक वाचून मी त्यावर चार शहाणी वाक्यं बोललोही असेन. पण नाटक वाचणं वेगळं आणि दारात उभं राहून आत पाय टाकणं वेगळं.

मी आत गेलो. खरं सांगायचं तर उत्सुकतेपोटी गेलो, मैत्रीपोटी नव्हे.

पहिली गोष्ट मला जाणवली ती आवाज. धंदाच तो, काय करणार. लहान खोली, बुटकं छत, आणि बेस असा की कानात न शिरता सरळ पोटात शिरत होता. भोंग्यांचा आवाज लांब जातो, पण त्याला वजन नसतं. हा आवाज वजनदार होता. आणि ठोका! आपल्या ढोलकीत सम असते, काल असतो. वादक एक जागा भरतो, एक मोकळी सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत नाचणारी मुरका घेते. इथं मोकळी जागा म्हणून नव्हतीच. धप, धप, धप, धप, प्रत्येक मात्रेवर सारखाच ठोका. प्रत्येक मात्रा समच. मी मनात म्हटलं, ह्यात नाचायचं कुठं? हे तर उखळात कांडल्यासारखं आहे.

मी स्पीकरशेजारच्या स्टुलावर थम्सअप घेऊन बसलो. हळूहळू ऐकू येऊ लागलं की दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये बेसचा एक उलटा धक्का येतो आहे. पाय खाली पडतो ठोक्यावर, पण अंग वर उचललं जातं त्या मधल्या धक्क्यावर. हे मला पंधरा मिनिटांनी कळलं. मावशीला कळायला पंधरा मिनिटं लागली नव्हती. तो गर्दीच्या मधोमध होता आणि त्या मधल्या जागेत गवळणीतला मुरका घेत होता. तोच मुरका, मान तिरकी करून कमरेतून वळायचं, आणि वळता वळता पदर सावरायचा. पदर नव्हता, पण हात बरोबर पदराच्याच जागी जात होता.

कुणी हसलं नाही. टाय सैल केलेला एक माणूस, बहुधा कुठल्यातरी बँकेतला, त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि खुणेनं म्हणाला, पुन्हा कर. मावशीनं पुन्हा केलं. त्या माणसानं तो मुरका करून पाहिला, चुकला, मावशीनं त्याची कोपर धरून वळवून दाखवलं. मग आणखी दोघं आले. जरा वेळानं सात-आठ जण मुरबाड तालुक्यातली गवळण करत होते, त्या परदेशी ठोक्यावर. मध्येच डीजेनं एक जुनं हिंदी गाणं लावलं, तेव्हा सगळी खोली एका सुरात ओरडली. त्यात गुजराती होते, दक्षिणेकडचे होते, दोन गोरे होते, आणि आमच्या बाजूचा आगरी बोलीत बोलणारा एक पोरगाही होता. तो माझ्याकडे बघून दचकला आणि कोपऱ्यात सरकला. त्याला वाटलं असावं, गावाकडचा माणूस इथवर आला.

त्याचं दचकणं खोटं नव्हतं. १८६०च्या भारतीय दंडविधानातलं कलम ३७७ तेव्हा जसंच्या तसं लागू होतं. पबमध्ये नाचणं हा गुन्हा नव्हता, पण ही माणसं जशी होती तसं जगणं कायद्याच्या दृष्टीनं गुन्हा होता. दीड वाजायच्या सुमाराला दिवे लागले आणि मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. सगळे जण पटापट आपापल्या अंगावरून काहीतरी काढू लागले. कुणी कानातलं काढून पाकिटात ठेवलं, कुणी शर्टाची वरची बटणं लावली. दाराजवळ उभं राहून मावशीनं रुमालाला थुंकी लावून डोळ्यांतलं काजळ पुसलं. ते लावलेलं मला आधी अंधारात दिसलंच नव्हतं. तमाशा संपल्यावर खोबरेल तेलानं रंग उतरवणारा मावशी मी शंभर वेळा पाहिला होता. तिथं रंग उतरवून तो घरी जायचा. इथं रंग उतरवून तो परत सोंगात चालला होता.

शेवटची कसारा लोकल केव्हाच गेली होती. पहिलीला अजून दोन-अडीच तास होते. आम्ही व्हीटीपर्यंत चालत आलो. स्टेशनचं नाव बदलून दोन वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी व्हीटीच. फलाटावर वर्तमानपत्र पसरून बसलो. तमाशाही असाच पहाटेपर्यंत चालायचा, कारण आलेल्या माणसांना अंधारात परत जाता येत नसे. पहिली एसटी येईपर्यंत वग ताणायचा. मी तसं काहीतरी बोलत होतो. तो ऐकत होता. मग सहज म्हणावं तसं म्हणाला,

"त्या रात्री माझा माइक तू बंद केलास."

मी गप्प.

"मला आधी वाटलं, लाइट गेली. मग ढोलकी ऐकू आली."

मॅनेजरनं खूण केली म्हणून केलं, जमाव बिथरला असता, तुझंच ओरडणं तुझ्याच गावात ऐकू जाऊ नये असं वाटलं, अशी तीन-चार उत्तरं माझ्याकडे पाच वर्षं तयार होती. एकही तोंडातून निघालं नाही. चहावाला आला, आम्ही चहा घेतला. त्याचे पैसे मी दिले. लोकल आली. कल्याणपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. कल्याणला उठला, खाली उतरून मुरबाडच्या एसटीकडे गेला, मी तसाच आसनगावला.

आता थोडं त्या ठोक्याविषयी. त्या रात्री मी जे ऐकलं त्याचं नाव मला माहीत नव्हतं. ते सांगितलं माझ्या भाच्यानं. अब्बांच्या भोंग्यांचा आता डीजे झाला आहे; भाचा तो चालवतो. हळदीच्या मांडवात त्याचे बेस लागले की घरांवरचे पत्रे थरथरतात. मी एकदा त्याला त्या ठोक्याविषयी विचारलं, तर त्यानं मला सगळी वंशावळच सांगितली. ह्या संगीताला 'हाउस' म्हणतात. शिकागोमध्ये १९७७ साली 'वेअरहाउस' नावाचा क्लब निघाला, त्याच्यावरून हे नाव पडलं. तिथं वाजवणारा फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला काळा, समलिंगी माणूस, आणि नाचायला येणारेही बहुतेक काळे आणि लॅटिनो, तसलेच. ज्यांना दिवसा त्या शहरात दोन्ही बाजूंनी धक्के बसत, ते. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ला बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडवला गेला आणि लोक मैदानात घुसले. डिस्को मेला असं म्हणत सगळे घरी गेले, आणि त्याच शहरातल्या एका खोलीत तो दुसऱ्या रूपात नाचत राहिला.

पुढे हे लंडनला गेलं. टर्नमिल्स नावाच्या क्लबात १९९०पासून 'ट्रेड' नावाची रात्र भरत असे. रात्र म्हणायची, पण शनिवार उलटल्यावर पहाटे सुरू होऊन ती रविवारी दुपारपर्यंत चाले. तीही मुख्यतः समलिंगी लोकांचीच. तिथं ठोका आणखी कडक आणि जलद झाला. हाउसचे ठोके मिनिटाला एकशेवीस-तीस, तर ह्याचे दीडशेच्या आसपास, आणि मधला उलटा बेस जास्त टोकदार. म्हणून 'हार्ड हाउस'. त्याचा मोठा डीजे टोनी डी विट. तो वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेला, २ जुलै १९९८ला. म्हणजे आम्ही कुलाब्यात गेलो त्याच वर्षी. त्या रात्री वाजलं ते नेमकं ह्यांतलं काय होतं, हे भाचा माझ्या वर्णनावरून ठरवू पाहतो आणि माझ्या धप-धपला हसतो. टर्नमिल्स २००८ साली बंद झालं, पुढे इमारतही पाडली. आमच्या तमाशाच्या राहुट्यांसारखंच. माणसं उठली की जागा ओळखू येत नाही.

हे ऐकल्यापासून हळदीच्या मांडवात माझी अडचण झाली आहे. तिथं पोरं ज्या ठोक्यावर उड्या मारतात, तो ज्यांच्या खोल्यांतून आला त्यांना ती पोरं कोणत्या शब्दांनी ओळखतात, ते मी ऐकतो. गर्दीत एखादा पोरगा जरा वेगळा नाचला, की तेच जुने शब्द येतात. मी भाच्याला म्हटलं, तू माइकवरून सांग ना कधीतरी ह्यांना. तो म्हणाला, "मामू, सुपारी जाईल." त्याचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? बटणापाशी बसलेल्या माणसाचं पोट त्या बटणावरच असतं.

कायदा मात्र हलला, पण सरळ नाही. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या खाजगी, संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम दूर केलं. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आणि ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का कायमचा पुसला. त्या दिवशी मी मावशीला फोन केला. तो शेतावर होता. म्हणाला, "टीव्हीवर दाखवलं. बरं झालं पोरांना." मी विचारलं, आणि तुला? तो म्हणाला, "मला आता गुडघे धरतात." मग पाऊस कुठवर आला, ह्यावर बोललो.

गेल्या हिवाळ्यात मुरबाडकडच्या एका हळदीला भाच्याचा डीजे होता, आणि मावशी नात्यातला म्हणून आलेला. मी भाच्याशेजारी मिक्सरपाशी बसलो होतो. पोरांनी "आजोबा, आजोबा" करून त्याला मध्ये ओढलं. आधी नको नको म्हणाला. मग टोपी काढून कुणाच्या तरी हातात दिली आणि त्या दीडशेच्या ठोक्यावर, गुडघे सांभाळत, तोच मुरका घेतला. मधल्या बेसवर. भाचा उठून उभाच राहिला. गर्दीतून एक जण काहीतरी ओरडला, दोघं-तिघं हसले. मावशीनं तिकडे पाहिलं नाही. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातला माइक उचलला आणि मावशीपुढे धरला. मावशीनं मान हलवून नको म्हटलं आणि नाचत राहिला.

दहा वाजता आवाज बंद केला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा नियम २००० सालापासूनचा आहे. माझ्यासारख्या झोप कमी झालेल्या माणसाला तो आता पटतो, तमाशावाल्यांना मात्र तो फार महाग पडला. वायरी गुंडाळत असताना मावशी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "गाणं लिहिलंस का?"

तीस वर्षांनी विचारत होता. ह्या वेळी माझ्याकडे काहीतरी होतं. धृवपद आणि पहिलं कडवं. मी हळू आवाजात म्हणून दाखवलं. त्यानं मांडीवर बोटांनी ताल धरला होता. धृवपदावर त्याची मान हलली. कडव्यातल्या दुसऱ्या ओळीला बोटं थांबली.

"ह्याच्यावर पाय पडत नाय," तो म्हणाला. "एक अक्षर जास्त झालंय. कवी लोक असंच करता. वाचायला चांगलं असतं, उभं राहून म्हणता येत नाय."

मी ओळ पुन्हा म्हणून पाहिली. त्याचं बरोबर होतं.

ह्या भाषणात रात्र सांगताना माइकचं सांगू की नको, असं मी त्याला परवा फोनवर विचारलं. तो म्हणाला, "ते पण सांग. आणि ती दुसरी ओळ केलीस का?" अजून झालेली नाही. करतो आहे.